पान उलटणारी

ग्रिल कापायला सकाळी नऊला माणूस आला.
वाशी, सेक्टर नऊ, दुसरा मजला.
पुढच्या महिन्यात इमारत पाडणार,
आणि पियानो जिन्यातून उतरत नाही.
एक्क्याऐंशीत चढलाही नव्हता;
दोरखंड बांधून गॅलरीतून घेतला होता आत,
तेव्हा ग्रिल नव्हतं, समोर नुसती खाजणं.

मार्केटातून चार माथाडी आलेत.
कांद्याची गोण पाठीला पाठ,
पण याला धरायचं कुठे?
शेलार म्हणाले, "ताई, काय भरलंय एवढं?"
म्हटलं, लोखंड. दोनशेवर तारा.
ऑडेट मिस्किटा म्हणायचं तोंडावर आलं होतं.

बापाने चरईतलं घर विकून तिला व्हिएन्नाला धाडलं.
तिथे तिसरं बक्षीस.
तिसरं म्हणजे, ती सांगायची, फोटोत कडेला.
मग बारा वर्षं लहान लहान गावं,
रेल्वेच्या वेळा, उसना काळा झगा,
गरम पाण्याच्या तांब्यात बुडवलेली बोटं.
एकदाच मोठं सभागृह, कुणीतरी आजारी पडलं म्हणून.
पेपरात दोन ओळी आल्या,
आडनाव चुकलेलं.
कात्रण तिने जपलं होतं. आडनाव दुरुस्त केलं नव्हतं.

तुर्भ्याच्या रंगाच्या कारखान्याने
बापाची फुप्फुसं खाल्ली, तेव्हा ती तीन आठवड्यांसाठी आली.
चौतीस वर्षं राहिली.

मी समोरच्या दारातली, बँकेतली.
तिच्या डाव्या बाजूला बसायचे, अर्धा फूट मागे.
ती मान हलवेल तेव्हा उठायचं,
वरचा कोपरा चिमटीत, पान उलटायचं,
आणि परत नसल्यासारखं बसायचं.
बांगड्या काढून. खोकला गिळून.
आणि डाव्या हाताने!
आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही.

खाडीची हवा तारांना खाते,
म्हणून पियानोच्या पोटात चाळीसचा बल्ब,
बारा महिने, रात्रंदिवस.
आमच्या समईत कधी खंड पडला असेल, त्याच्यात नाही.
लाइट गेली की ती मेणबत्ती शोधायची नाही,
झाकणावर तळवा ठेवून उभी राहायची,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

ठाण्याच्या शाळेतला तो शेवटचा कार्यक्रम.
पानं उडू नयेत म्हणून पंखे बंद,
सत्तर माणसं, निम्मी तिच्या विद्यार्थ्यांचे आईबाप.
तिने मान हलवली
आणि माझ्या घामट चिमटीत दोन पानं आली.

पोटात गोळा.
ती थांबली नाही. नसलेलं पान वाजवलं,
सगळं, सावकाश, डोळे समोरच्या चुकीच्या ओळींवर,
आणि वाजवत वाजवत येऊन मला गाठलं.
टाळ्या पडल्या. कुणालाच कळलं नाही.
परतताना रिक्षात, कळव्याच्या पुलावर म्हणाली,
"इतकी वर्षं पाठ आहे गं मला."
मग मला कशाला बसवायचीस?
ती बाहेर बघत राहिली.
"बाजूला कुणीतरी हवं."

ते पान मी नंतर उघडलं, ती गेल्यावर.
पेन्सिलीचे बोटांचे आकडे, पुसून पुन्हा लिहिलेले,
आणि तळाशी, तिच्या तिरक्या मराठीत:
इथे घाई नको, सुनंदा उठतेय.

ग्रिल पडलं. पट्टे आवळले.
शेलारांनी खाली वाकून पाहिलं,
"ताई, आत बल्ब जळतोय. काढू?"
तिच्यामागे सहा वर्षं
त्याचं बिल मीच भरत होते,
पण हे त्यांना कशाला सांगायचं.

मी मान हलवली.

प्लग निघाला.
पियानो गॅलरीच्या कडेवरून हवेत गेला,
जरा कलला,
आणि आतून कुठलातरी खालचा स्वर
न दाबता वाजला.
चौघेही दोर धरून तसेच थांबले,
तो विरेपर्यंत.