दोन इंच, चार इंच

चांद मिस्त्री गाडीला बाजूनं पाहतो,
एक डोळा मिटून, ओळंबा पाहावा तसा.
"नाक खाली हाय इचं.
समोर दोन इंचाची चकती टाकली का सपाट.
नाईतर चारी चाकं उचलू, चार इंच,
मंग चेंबरले हात लावाची
कोन्या गोट्याची बिशाद हाय?"

लोणीच्या पांदणीतला धोंडा मी त्याला सांगितलेला,
दोनदा चाटून गेला.
प्रफुल टेकाड्याची गाडी नाही सांगितली,
मोठ्या टायरांवर, चौकात रेड्यासारखी उभी.
ती त्याला माहीतच आहे.

चहा येतो. मिस्त्री बशीत ओततो.
"रिकामी गाडी वाकूनच रायते गड्या.
साठ क्यारेट भर, मंग पाय."
खरंय. पाटे दबतात, नाक वर येतं,
संत्र्यांच्या वजनानंच ती सरळ होते.
चकती टाकली तर भरल्यावर
दिवे बाभळीच्या शेंड्यात
आणि समोरच्या सायकलवाल्याच्या डोळ्यांत.

मग चार इंच?
तोडीच्या दिवसांत, पहाटे पाचला,
पंचफुलाबाई फाळक्याची साखळी धरते,
एक हात गुडघ्यावर,
"थांब रे बाप्पा" म्हणत चढते.
तिच्यामागे अजून नऊ जणी.
चार इंच त्यांच्या गुडघ्यांत कुठं बसवू?

"काय करतं मंग?" मिस्त्री विचारतो.
"पहार आहे का तुझ्याकडं?
उद्या आणून देतो."

पांदणीत धोंडा निघाला तेव्हा
खाली ओली माती, दोन गोमा,
आणि माझ्याच चेंबरचं काळं तेल.

येताना चौकातून आलो.
प्रफुलची गाडी पाहिली.
पाहिली नाही, असं नाही.