एकोणसाठ

ओहानियन सरांच्या टेबलावर संत्र्याची सालं
आणि डेल्फिना बोर्जेसची दोन वर्षं, एका पानावर.
सर पेन्सिलीचं टोक ओळीओळीवरून नेतात,
गोठ्यात परतलेल्या गायी मोजाव्यात तसं.
कॅल्क्युलस एक, बी.
कॅल्क्युलस दोन, सी.
त्या सीच्या आधी एक डी होता.
वडिलांचा हात पट्ट्यात सापडला ते ते वर्ष,
पहाटे तीनची धार तिच्याकडे,
चारशे गायी,
आणि साडेसातला, बुटांचं शेण वाळायच्या आत,
अनंत श्रेणी.
रसायनशास्त्र, प्रयोगशाळेसकट. चालेल.
इंग्रजी निबंध. चालेल.
संगीताचा आस्वाद, तीन क्रेडिट.
सर थांबतात. हे बहुतेक धरणार नाहीत.

विद्यापीठ दोनशे मैल उत्तरेला.
तिथे साठ लागतात.
एकोणसाठ, सर म्हणतात.
पुन्हा मोजतात. एकोणसाठ.

हा आकडाच तसा,
साठाचं नाव घ्यायच्या आधी
उणं काढून दाखवणारा.

"एकानं काय होतं, सर?"
"एकानं काहीच होत नाही," सर साल उचलून वास घेतात,
"म्हणून तर ते एक कुणी सोडत नाही."

उन्हाळ्यात एका क्रेडिटचं काय मिळतं?
बोलिंग भरलेलं.
समूहगान मंगळवारी संध्याकाळी, म्हणजे दुसऱ्या धारेच्या वेळी.
ग्रंथालयाचा वापर, विद्यार्थ्यांअभावी रद्द.
उरलं पोहणं, प्राथमिक,
सहा आठवडे, भर दुपारी.

घरी हे सांगितलं तेव्हा
आईनं हातातली बशी खाली ठेवली.
शेतामागून कालवा जातो, काँक्रीटचा, सरळ, गुळगुळीत काठांचा.
त्यात आईचा भाऊ अमारू गेला, सतराव्या वर्षी,
टोपी काढायला वाकला होता.
आजोबा ज्या बेटावरून आले
त्याच्या चारी बाजूंना समुद्र,
आणि घरात एकालाही पोहता येत नाही.
"तुला गुरांची डॉक्टर व्हायचंय ना," आई म्हणाली,
"गायी कुठे पोहतात?"
पोहतात खरं तर.
डेल्फिना बोलली नाही.

शिकवणारी पा न्या थाव, हिच्याहून वर्षानं लहान,
शिट्टी गळ्यात, नाकावर पांढरं मलम.
"तोंड पाण्यात. बुडबुडे सोड. अजून. अजून."
पहिले दोन आठवडे डेल्फिनानं कठडा सोडला नाही.
हजारो सड पुसलेली बोटं,
लाथा झाडणाऱ्या वासराला न घाबरणारी,
निळ्या फरशीला चिकटून राहिली.

तिसऱ्या गुरुवारी पाठीवर तरंगायचं होतं.
पा न्याचा तळवा पाठीखाली होता, मग नव्हता.
अडलेली गाय शेवटी पान्हा सोडते
तसं कुठेतरी अंग सुटलं.
कान पाण्याखाली गेले
आणि जन्मापासून ऐकत आलेली
दूधयंत्राची घरघर थांबली.
तिला आजवर माहीतच नव्हतं
की ती कॉलेजातही ऐकू येत असते.
अकरा सेकंद. पा न्यानं मोजले.

ऑगस्टमध्ये पत्र आलं.
प्रवेश मंजूर.
खाली तक्ता: मान्य क्रेडिट, त्रेसष्ट.
संगीताचा आस्वाद त्यांनी धरला होता,
तिन्हीच्या तिन्ही.

आईनं बोट ठेवून बेरीज केली,
पत्र उलटं करून मागची बाजूही पाहिली.
"म्हणजे ते पोहणं लागलंच नाही?"
"नाही."
"फुकट गेलं."
डेल्फिना बाहेर आली.
संध्याकाळची धार व्हायची होती, यंत्र सुरू झालं होतं,
गायींची पाण्याची लांब टाकी काठोकाठ.
तिनं केस मागे धरले, वाकली,
तोंड घातलं, मग कानांपर्यंत डोकं,
आणि बुडबुडे सोडत राहिली.
शेजारी एक काळीपांढरी गाय येऊन थांबली,
टाकी मोकळी व्हायची वाट बघत.