ओल किती टक्के

सेलू रोडला, जिनिंगच्या पुढं,
मी वजनकाट्याच्या खोलीत बसते.
माझ्या खिडकीतून जग टनात दिसतं.
भरली गाडी, मग रिकामी गाडी,
मधला फरक म्हणजे पऱ्हाटी.

आमच्या पावतीवर छापलंय: पांढरा कोळसा.
तो पांढराही नाही, कोळसाही नाही;
भुसा दाबून केलेली कांडी,
मनगटापेक्षा जाड, तपकिरी,
साच्यातून पडल्यावर जरा निवू दिली
की वासराच्या कानासारखी ऊबदार.
ती वाळूजला जाते. तिथं कुणाच्या तरी बॉयलरात
आपण कधी कापूस धरला होता
हे विसरून जाते.

मुंजाभाऊ पहिल्या वर्षी पेढे घेऊन आला.
"उभी ठेवली तर बोंडअळी मुक्कामाला,
बांधाला पेटवली तर धूर गावभर.
आता जानेवारीतच रान मोकळं, अन् वर पैसे!"

तिसऱ्या वर्षी पेढे नव्हते.
चहा पिता पिता म्हणाला,
"नांगराला ढेकूळ वेगळं लागायलंय, ताई.
रानाच्या पोटात काही जाईनाच की."
मग पावतीची घडी करून खिशात घातली
आणि पुढच्या खेपेचा नंबर लावला.

एकदा शाळेतली पोरं आली, वह्या घेऊन.
फायदे एका बाजूला, तोटे दुसऱ्या, मधे रेघ.
मी सांगितलं, लिहा, कोळसा वाचतो.
लिहा, खाजाभाईचा ट्रॅक्टर एका खेपेला
नऊ लिटर डिझेल पितो.
लिहा, चाळीस बायांना शेडात काम आहे.
लिहा, शेडात चाळीस बाया खोकतात.
"मॅडम, बाया कोणत्या बाजूला लिहू?"
तेवढ्यात लाइन गेली.
ऊर्जेचा कारखाना
अंधारात गप्प उभा राहिला.
पोरं हसली. मीपण.

ओल मोजायचं यंत्र माझ्याकडंच असतं.
दोन सुया खुपसायच्या, आकडा येतो.
पंधराच्या वर गेला की पैसे कापायचे.
डिसेंबरात अठरा, वीस. होळीनंतर बारा.
सहाच्या खाली मी कधी पाहिला नव्हता.

परवा धुरपताबाई आली, डोक्यावर मोळी.
आमचा काटा वीस किलोच्या खाली बोलत नाही,
मोळी ठेवली तर शून्य.
मग तिलाच मोळीसकट उभं केलं: साठ.
मोळी उतरवून: चाळीस.
म्हणजे बाई चाळीस, मोळी वीस,
दोघींत थोडं इकडंतिकडं.

सुया खुपसल्या. चार.
पुन्हा खुपसल्या. चारच.
काड्यांना शेणाचा जुना लेप, सुतळीच्या गाठी,
आणि एका फटीत खोचलेलं
शांपूचं रिकामं पाकीट.

"मावशी, हे कुठलं?"
"मपल्या न्हाणीचा आडोसा व्हता.
पोरगी नांदायला गेली.
आता मला मेलीला कोण बघायलंय."

न्हाणीचा. आणि ओल चार.

"अन् चुलीला?"
"हायेत की गवऱ्या, थोड्या."

पन्नास रुपये झाले.
शेणामातीचे नियमानं कापायचे होते,
विसरले.
जाताना तिनं वाळवणीच्या भट्टीमागची राख मागितली,
बियाच्या चवळीला चोळायला.
राखेला आमच्याकडं भाव नाही, काटाही नाही.
पदरात बांधून घेऊन गेली.

संध्याकाळी रजिस्टर भरताना
मालाच्या रकान्यात
पऱ्हाटी, पऱ्हाटी, तुरीच्या काड्या, पऱ्हाटी,
आणि तिच्या ओळीवर पेन अडलं.
आडोशाला भाव ठरलेला नाही.
मी पऱ्हाटी लिहिलं. ओल, चार टक्के.

शांपूचं पाकीट ड्रॉवरमध्ये आहे,
रबरी शिक्क्याच्या शेजारी.
कशाला ठेवलं, माहीत नाही.