आठ खांब

इनासने टेपचं टोक माझ्या हातात दिलं
आणि चालत सुटला
माडाच्या मुळापासून विहिरीच्या कठड्याकडे.
सव्वीस फूट. आडवं चौदा.
आकडे त्याने विडीच्या पाकिटावर लिहिले.
मला वाटलं होतं, वही तरी आणेल.

भिंती नकोत, म्हटलं. चिऱ्यांचे दर ऐकूनच घाम येतो.
नुसते खांब, वर पत्रे.
"भिंती नाहीत म्हणजे खांब खोल," तो म्हणाला,
"वारो विचारून येना."
तीन फूट खड्डा, तळाला दगड, वर काँक्रीट.
असे आठ.
मी मनातल्या मनात आठ खड्ड्यांची माती
टिपरात भरून पाहिली.
पाव हौदासुद्धा भरेना.

टिपर फणसाखाली आहे.
खाण थांबली त्या संध्याकाळी जिथे लावला, तिथेच.
एका हेडलाइटमध्ये गांधीलमाशा,
बॅटरी कधीच शेजारच्या पंपाला गेली.
किती धुतला तरी सांध्यांतून अजून तांबडं गळतं.
वेळग्यातल्या प्रत्येक धुण्यात तेव्हा तो रंग असायचा,
सत्यवती त्यावरून भांडायची.
आता चादरी पांढऱ्या निघतात
आणि ती त्यांच्याकडे संशयाने बघते.

पाइप एकावन्न हजार दोनशे.
पत्रे सत्तावीस. कैच्या, पट्ट्या, वेल्डिंग चाळीस.
सिमेंट-खडी बारा, मजुरी तीस.
पंचायतीचा कागद वेगळा, सेक्रेटरी सुटीवर.
एक लाख साठ हजार दोनशे,
असं म्हणून इनासने वरचे दोनशे खोडले
आणि उपकार केल्यासारखा फणसाकडे बघत राहिला.

उसगावचा भंगारवाला टिपरचे
एक चाळीस देतो म्हणाला होता.
ही वजाबाकी मी कुणाला सांगितली नाही.
सत्यवतीने ती पाठमोरीच केली,
भिरंडांच्या साली उलटताना.

मग इनासने विचारलं, "उंची?"
मी अकरा म्हणालो. गाडी नऊची आहे.
"उभी गाडी नऊ. पण आत हौदा उचलणार काय?
उचलणार असलास तर सतरा."
कसलाही हेतू नव्हता त्याचा.
वेल्डरला उंची लागते, म्हणून विचारलं.

पाइप वीस फुटांचाच येतो.
सतरा वर, तीन जमिनीत: कापायचं कामच नाही.
अकरा ठेवले, तर दर खांबामागे सहा फूट तुकडा उरतो,
त्याचेही पैसे मीच भरायचे.
म्हणजे हिशेबाने सतराच बरोबर.
हिशेबाने असं कधी माझ्या बाजूने बोललेलं नव्हतं.
"सतरा फुटांवर पत्रे," सत्यवती आतून म्हणाली,
"आणि आषाढात पाणी आडवं येतं, तेव्हा छत्री धरणार गाडीवर?"

उत्तर देण्याऐवजी मी पंपाची बॅटरी काढून आणली.
तेल तपासलं. इनासने विडी विझवली.
इंजिन तिसऱ्यांदा खोकलं आणि लागलं,
फणसावरचे कावळे उठले, शेजारीण दारात आली.
मी दांडा ओढला.
हौदा थरथरला, किंचाळला,
वीतभर उचलला गेला
आणि थांबला.
पुढे जाईना. खालीही येईना.
गांधीलमाशा मात्र चौकशीला आल्या.

आम्ही तिघं वीतभर फटीकडे बघत उभे.
आत वर्षांपूर्वीचा चुरा होता, तो घरंगळत
इनासच्या चपलेवर आला.

"बारा कर," मी म्हणालो.
त्याने पाकिटावर अकरा खोडून बारा लिहिलं.
खर्च तोच. फक्त उरलेला तुकडा
सहाऐवजी पाच फुटांचा.
त्या तुकड्यांवर सत्यवतीने कधीच
तवशीचा मांडव घालून ठेवला होता,
हे मला तेव्हा कळलं.
"माझा फूटभर खाल्लास," ती म्हणाली.
थोड्या वेळाने:
"पाच पुरे. तवशी काय, वाकूनही काढता येतात."

इनास चुना मागत होता,
खड्ड्यांच्या खुणा करायला.