पावतीच्या पाठीवर

त्रिशला,
मंगळवारी दुपारी पावणेतीनला
कुपवाडच्या काट्यावर
मी माझी लाखावी पावती फाडली.
हळदीचा ट्रक होता, पोती ताडपत्रीखाली.
ड्रायव्हरला म्हटलं, जरा थांबा, ही लाखावी आहे.
तो म्हणाला, मग चाळीस किलो सोडा की मॅडम.
सोडले नाहीत.
चौदा वर्षांत कुणाला सोडले नाहीत.

संध्याकाळी मालकांनी भडंग मागवलं,
वर कांदा, कोथिंबीर,
आणि नवी खुर्ची देतो म्हणाले, चाकांची.
अजून आलेली नाही.

बाकी इकडचं म्हणशील तर
मिरजेत मुमताज आता स्वतः जवारी लावते.
चुलते मानत नाहीत,
पण गिऱ्हाईक कानानं येतं, नात्यानं येत नाही.
तिच्या हातचा पहिला तंबोरा गेल्या महिन्यात धारवाडला गेला.
भोपळ्याच्या आत, कुणाची नजर जाणार नाही तिथं
तिनं पेन्सिलीनं नाव लिहिलंय.
हे फक्त मला सांगितलं होतं.
आता तुला.

रावसाहेबानं तंबाखू सोडली, एकशे बारा दिवस झाले.
कॅलेंडरवर रोज फुली मारतो.
बायको म्हणते, फुली मारून झाली
की पेन चावत बसतो.

कल्पनाचं काही कळत नाही.
सकाळी स्टेटसला गुलाब असतो,
फोन उचलत नाही.
माधवनगर रस्त्यावर त्यांच्या शटरला
'भाड्याने देणे' लागलंय,
खाली नंबर तिचाच.
त्या नंबरवर भाडेकरू होऊन फोन करावा का,
असं दोनदा मनात आलं.

आणि मी पोहायला शिकतेय.
हस, हस.
त्रेचाळिसाव्या वर्षी, सकाळी सहाची बायकांची बॅच.
पोशाख घेताना दुकानात सांगितलं, भाचीसाठी हवाय.
तो म्हणाला, भाची अंगानं तुमच्याएवढीच का?
म्हटलं, अगदी.

पहिले आठ दिवस कठडा सोडला नाही.
शिकवणाऱ्या बाई ओरडतात,
अंग सोडा, पाणी धरतंय!
भरलेलं, रिकामं, निव्वळ,
जन्म गेला आकडे लिहिण्यात,
आणि पाण्यात उतरले तर
माझंच वजन लागेना.

तुला आठवतं का माहीत नाही.
पुराच्या साली तुमच्या गच्चीवर तिसरी सकाळ,
बोट आली, जागा एकच.
बस म्हणाले तुला. मीच म्हणाले.
तू बसलीस.
मला न्यायला दुसरी आली दोन तासांनी.
दोनच तास.
टाकीला टेकून मी
समोरच्या घराच्या पायऱ्या मोजत होते,
एकेक कमी होत होती.
मग तू पुण्याला गेलीस,
मी फोन केला नाही,
तू केलेले उचलले नाहीत,
आणि कारण विचारलंस तेव्हा
काट्यावर गर्दी असते म्हणाले.
गर्दी असते, ते खरंच आहे.
पण दुपारी दोन ते तीन नसते.

दिवाळीपर्यंत तलावाची रुंदी पार करायची ठरवलीय.
लांबी नाही, रुंदी.
नदीचं पुढच्या वर्षी बघू,
हरिपूरला संगमावर नुसती उभी राहून येते अधूनमधून,
चप्पल हातात घेऊन.
काल कठड्यापासून चार हात गेले.
चौथ्याला नाकात पाणी,
आणि नेमकी तेव्हा तुझी आठवण,
का ते सांगता येणार नाही.

ही पावती रद्द झालेली आहे, गाडी परत गेली,
म्हणून पाठ कोरी मिळाली.
पुढच्या बाजूचे आकडे वाचू नकोस.
जागा संपली.
दुपारी दोन ते तीन, लक्षात ठेव.

खुर्ची आली की कळवते.