टॉर्च

संध्याकाळचे साडेसात. भिंती अजून तापलेल्याच.
मोहननगरची लाईन गेली आहे,
आणि ओबेद ओसरीत उकिडवा बसलाय
आमच्या कुलरचा पंप उघडून.
स्क्रू ओळीनं मांडलेत माझ्या पोळपाटावर.

रविवारी पाळकसाहेब म्हणाले होते,
प्रत्येक लेकराला पाचारण असतं.
देवळातून घरी येताना, स्कूटीवर मागं,
माझ्या पाठीला गाल लावून हा विचारतो,
"आई, पाचारण आलं हे समजते कसं?
त्या गोष्टीतल्या पोराले तं रात्री हाक आली होती.
मले फक्त कुलरचाच आवाज येते."
मी हसले.
सदरच्या सिग्नलला हसू थांबलं.

कारण एक गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही.
सातव्या महिन्यात आला तो, दीड किलोचा,
मी नर्स होते त्याच मिशनच्या दवाखान्यात.
काचेच्या पेटीच्या भोकातून त्याला बोट धरायला दिलं
आणि देवाला म्हणाले, जगला तर तुझा.
पांढरा झगा घालून उभा राहील,
माझ्या बाबांसारखा, वेदीपाशी.
सौदाच होता तो.
प्रार्थना म्हणायची मला आता लाज वाटते.

म्हणून वचनं पाठ करून घेतली, खडीसाखर देऊन.
म्हणून गायनमंडळ, जिथं त्याचा सूर
शेजारच्याच्या सुरावर पाय देत चालतो.
म्हणून नाताळच्या नाटकात तीन वर्षं मेंढपाळ.
आणि तिन्ही वर्षं, ऐन प्रवेशाच्या वेळी,
मेंढपाळ सापडला पडद्यामागं,
ताऱ्याच्या बल्बची वायर जोडताना.

मी रागावले होते. तारा मात्र लागला होता.

काल सालोमीकाकूंकडे गेला, न विचारता,
खिशात पक्कड, पिशवीत वाळ्याच्या ताट्या.
ब्याऐंशी वय त्यांचं, घरात दुसरं कुणी नाही.
दोन तासांनी परतला, कोपरापर्यंत गंज.
"नाही झाला चालू. पंप जळला.
बर्डीवर विचारलं, माल सोमवारी येईन म्हणते.
तोपर्यंत आपला लावून देऊ का त्यांना?
आपल्याकडं पंखा आहे ना."

आपल्याकडं पंखा आहे.
आपल्याकडं माझी रात्रपाळीही आहे, बाळा,
आणि मे महिन्यातली भर दुपारची झोप,
जी त्या पंपाच्या गुरगुरीवरच लागते.
'नाही' अगदी ओठांपर्यंत आलं.
काय अडलं तिथं, सांगता येत नाही.
"जेवून घे आधी," एवढंच म्हणाले.

तर आता हा पंप काढतोय
आणि मी टॉर्च धरून बसलेय.
कपाळावरचा घाम त्याच्या नाकाच्या शेंड्यावर थांबलाय,
पुसायला हात मोकळा नाही.
बाबा प्रभुभोजनाची भाकर मोडायचे
तेव्हा त्यांची बोटं अशीच जपून चालत.
हे त्याला सांगावं असं वाटलं.
सांगितलं नाही. पुन्हा माझंच माप
त्याच्या अंगावर धरून बघणं झालं असतं.

डास चावतोय. हात भरून आलाय.
"आई, तोंडावर नको मारू उजेड.
इथं धर. थोडं खाली.
हां, बस.
आता हलवू नको."