अर्थ

वाडी नाक्यावर टिनाच्या सावलीत
जैपाल गजभिये माझ्या जीपखाली आडवा.
मे महिना. पाना हातात धरवत नाही.

"बॅटरीशी बारा पॉइंट सहा,
मागच्या पेटीत पोचेस्तोवर अकरा.
बारीक वायर टाकली तं, बाप्पा,
रस्ताच खाऊन टाकते."

मग जाड तांबं. बॅटरीला लागून फ्यूज.
तरी दिवा लागेना.
त्याने ट्रेलरचा गंज खरवडला,
नट पिळला.
"हुकाच्या भरोशावर अर्थ लागत नाई."

फ्रीजर घुरघुरला.
आत आइस्क्रीम नाही जायचं.
कोंढाळीला एक म्हातारी आहे,
तिचा धाकटा दुबईहून निघालाय.

जैपालने शंभराची नोट परत केली,
जोडावर आणखी एक टेप गुंडाळली,
मीटर लावला.
बारा पॉइंट चार.
"जा," म्हणाला, "पण गचके सांभाळून."